पावसाळी सल्ला : चेरी श्रिंपची कात टाकीत राहू देऊ नका

इंदूरात गच्चीवर, मागच्या खोलीत चेरी श्रिंप, म्हणजे गोड्या पाण्यातले छोटे लाल झिंगे, वाढवणाऱ्या सगळ्यांसाठी. झड लागली की वीज जाते, हवेचा पंप बंद पडतो, तळाशी घाण साचते आणि झिंग्याच्या अंगावर बिऱ्हाड करणारे जीव फोफावतात. आजच एक झिंगा काचेच्या पेल्यात घ्या, बाजूने टॉर्च मारा.

नाकाच्या टोकाशी पांढरे, दोन शिंगांचे बारीक किडे जळवेसारखे लांब-आखूड होत असतील, तर ती स्क्युटॅरिएला. कापसासारखी लव दिसली तर बहुधा व्हॉर्टिसेला, एकपेशीय जीव. ती झिंग्याला खात नाही, पाण्यातल्या जिवाणूंवर जगते. खाणं टाकताना तुमचा हात सैल सुटलाय, एवढाच त्याचा अर्थ. पोटाखाली हिरवट पुंजका दिसला की लोक ‘अंडी धरली’ म्हणून खूश होतात. अंडी सुटी, गोल दिसतात. पुंजका तंतूंचा असेल तर ते क्लॅडोगोनियम, परजीवी शैवाल. त्यावर मिठाचा भरवसा नाही. झिंगा वेगळा काढा.

स्क्युटॅरिएलाला मात्र मीठ चालतं. टाकीच्याच एक कप पाण्यात एक टेबलस्पून आयोडीन नसलेलं मीठ विरघळवा, झिंगा 30 ते 60 सेकंद बुडवा. तो कलंडला तर तेवढंही थांबू नका. किडे झडतात, माणूस निर्धास्त होतो आणि इथेच टाकी हातची जाते. किड्यांची अंडी कल्ल्यांच्या कप्प्यात चिकटलेली असतात, मिठाला दाद देत नाहीत. झिंग्याने कात टाकली की तिच्याबरोबर तळाशी येतात आणि तिथेच फुटतात.

‘कात राहू द्या, कॅल्शियम मिळतं’ हे निरोगी टाकीपुरतं खरं. किडा दिसला की कात उचलायचीच, रोज. स्पंज फिल्टरच्या मागे, मॉसमध्ये (पाण्यातल्या शेवाळवजा झाडीत) बघा. माझा अंदाज असा, की पाणी बदलल्यावर दुसऱ्या दिवशी जास्त सापडते. नवे किडे दिसले तर मीठ पुन्हा.

दुकानदार महागडी बाटली पुढे करेल. लेबलवर कॉपर दिसलं तर परत द्या. माशांचं ते औषध झिंग्यांचा जीव घेतं.

नेहमीची कामं :
– नळाचं नर्मदेचं पाणी क्लोरीन काढूनच
– आठवड्याला 10 ते 20 टक्के पाणी बदल
– स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळणे
– नवा माल महिनाभर वेगळा
– बॅटरीचा पंप तयार

एका टाकीची जाळी दुसरीत घालू नका. आणि उचललेली कात शेजारच्या टाकीत खाऊ म्हणून तर मुळीच नको. कुंडीतल्या मातीत पुरा.