भिंतीवरचा डाग: बुरशी की नुसता मळ?

वाशीच्या आमच्या जुन्या बिल्डिंगीत आषाढात पश्चिमेच्या भिंतीला ओल येतेच. सासूबाईंना प्रत्येक डाग बुरशीच वाटतो, पण आधी तपासा. पांढरी पूड पाण्यात विरघळली तर ते क्षार. काळ्या डागावर पातळ ब्लीचचा थेंब टाका. दोनेक मिनिटांत फिकटला तर बहुधा बुरशी, नाहीतर मळ. चामडी पट्ट्यावरची हिरवट बुरशी बऱ्याचदा पेनिसिलियम किंवा अ‍ॅस्परजिलस, खिडकीच्या चौकटीवरची काळपट क्लॅडोस्पोरियम. पण नुसत्या रंगावरून जात पक्की ठरत नाही, आणि काळी म्हणजे विषारीच असंही नाही. शिंका, खोकला कुठल्याही बुरशीने येऊ शकतो. दमेकऱ्यांना जास्त त्रास. केमो चालू असलेल्या माणसाला त्या खोलीत झोपवूच नका. पुसताना मास्क लावा, खिडकी उघडी ठेवा, ब्लीचमध्ये अ‍ॅसिड अजिबात मिसळू नका. गळती वरच्या घरातून असेल तर रंगाऱ्याआधी सोसायटीला अर्ज द्या.