बाळाचं नाव ठेवताय? आधी शब्दकोश उघडा

भावाला मुलगी झाली आणि तिसऱ्याच दिवशी घरच्या ग्रुपवर ५३ नावांची यादी येऊन पडली. प्रत्येक नावापुढे अर्थ: 'देवाची देणगी', 'सूर्याचा पहिला किरण', पुन्हा 'देवाची देणगी'. पाठोपाठ ऐरोलीहून भावाचा फोन. "ताई, कानात तूच सांगणार आहेस, आता तूच निवड." मी इकडे ठाण्याला, नौपाड्यात. आत्या होण्याचा हा पहिलाच प्रसंग. बारशापर्यंतच्या नऊ दिवसांत जे उमगलं ते सांगते. पुढे कुणाला तरी उपयोगी पडेल.

आधी घाई बाजूला ठेवा

जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, पण ती नावाशिवायही होते. नाव नंतर १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं, आणि विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. त्यामुळे डिस्चार्जच्या दिवशी कुणी फॉर्म पुढे केला म्हणून सुचेल ते लिहून मोकळं होऊ नका. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच लागणार आहे, म्हणजे त्यावर जे छापलं जाईल ते जन्मभराचं.

आणि दाखला मिळतो तो बाळ जिथे जन्मलं तिथे, राहता तिथे नव्हे. भाऊ राहतो नवी मुंबईत, पण बाळंतपण ठाण्यात झालं, म्हणून आमचा दाखला ठाणे महापालिकेचा. वहिनी माहेरी साताऱ्याला गेली असती तर तिथला.

मग प्रत्येक नाव फोडून बघा

सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. नेटवरच्या याद्या एकमेकींची नक्कल असतात. चूकसुद्धा सगळीकडे तीच. आमच्या यादीत 'अनया' होतं आणि अर्थ दिला होता 'जिच्याहून वरचढ कुणी नाही'. मी आपट्यांचा संस्कृत कोश काढला. नय म्हणजे नीती, वागण्याची योग्य रीत. अनय म्हणजे त्याच्या उलट, अन्याय, दुर्दैव. शिवाय 'अनया' हे संस्कृतात सर्वनामाचं रूपही आहे, अर्थ 'हिने'. भावाला कळवलं तर म्हणाला, "हिने काय केलं?" ते नाव तिथेच बारगळलं. ज्यांच्या घरी अनया आहे त्यांनी मनाला लावून घेऊ नये. राधेचा नवरा अनय मराठी कवितेत आहेच, आणि कानाला नाव गोडच लागतं.

फोडायची रीत सोपी आहे. शिव अधिक अंश, शिवांश. देव अधिक अंश, देवांश. इथवर ठीक. पण 'रेयांश' फोडलं की 'रेय' उरतं, आणि असा शब्द मला तरी कुठल्या कोशात सापडला नाही. नाव ठेवायला हरकत नाही, फक्त मुलाला 'विष्णूचा अंश' असं छातीठोक सांगू नका.

शब्द संस्कृत नसला म्हणून बिघडत नाही. 'मिहिर' आपल्याला अस्सल संस्कृत वाटतं, वराहमिहिरासारख्या ज्योतिषाच्या नावात ते आहे, पण शब्द इराणी भाषांतून आलेला. शहाजी या नावात तर शाहच बसलेत. कुठून आलं ते ठाऊक असावं, एवढंच.

कोशातला अर्थ कोरडा निघाला तर लगेच नाव खोडू नका. 'अपर्णा'चा शब्दशः अर्थ पान नसलेली. त्यामागची गोष्ट अशी की शंकरासाठी तप करताना पार्वतीने झाडाची पानं खाणंही सोडलं. 'सीता' म्हणजे नांगराने जमिनीत पडलेली तास. अशी गोष्ट मुलीला चार वर्षांची असतानाही सांगता येते. 'देवाची देणगी'त सांगण्यासारखं काय आहे?

कोश कुठे बघाल? मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे हे मराठीचे, आपटे संस्कृतचा; हे तिन्ही शिकागो विद्यापीठाच्या कोशांच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. मी मात्र ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात गेले. १८९३ पासूनची संस्था, आणि जाड कोश टेबलावर उघडून बसलं की शेजारचे शब्दही दिसतात. नावं खरी तिथेच सापडतात.

डोळे उघडे ठेवून फिरा

ऐरोलीच्या खाडीवर हिवाळ्यात गुलाबी फ्लेमिंगो उतरतात. मराठीत त्यांना रोहित म्हणतात, आणि रोहित म्हणजे तांबूस. किती रोहित वर्गात होते, एकालाही हे माहीत नव्हतं. ठाण्याच्या उत्तरेला उल्हास नदी, आणि आमच्या बाबांच्या पिढीत बिल्डिंगमागे एक उल्हासकाका. नीरा, रेवा, गौतमी या नद्याच. सायली, जुई, केतकी, मंजिरी अंगणातल्या. ओवी तर आपला छंदच.

अक्षराचं काय करायचं

जन्मनक्षत्रावरून नावाचं पहिलं अक्षर ज्यात बघतात त्या अवकहडा चक्रात २७ नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण, एकूण १०८ अक्षरं. अश्विनीला चू, चे, चो, ला. इथवर मजेत. आर्द्रेच्या तिसऱ्या चरणाला 'ङ' येतं. आमचं बाळ हस्ताच्या चौथ्या चरणातलं, अक्षर 'ठ'. आई म्हणाली, "ठमा ठेवा." वहिनीच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं.

उपाय जुनाच आहे. नामकरणात कुलदेवतेचं, महिन्याचं, नक्षत्राचं आणि व्यवहाराचं अशी चार नावं ठेवतात. नक्षत्राचं ते नावरस नाव. ते पत्रिकेत राहू द्या, हाक मारायचं नाव मोकळेपणाने निवडा. गुरुजींनी ठ वरून जे सुचवलं ते मी इथे लिहीत नाही. उद्या वाचायला शिकली की माझ्याच मागे लागेल.

हाक मारून बघा, चारचौघांत लिहून बघा

उरलेली चार-पाच नावं घेऊन गॅलरीत उभे राहा आणि खाली कुणी खेळतंय असं समजून हाक मारा. तीन अक्षरांपुढचं नाव दुसऱ्या हाकेला आपोआप तुटतं. मुलाचं असेल तर 'या' लावून बघा, कारण मित्र लावणारच: मंगेशचा मंग्या, चिन्मयचा चिन्या.

मग शेजाऱ्यांना वाचायला द्या. भावाच्या मजल्यावर एक तमिळ, एक गुजराती आणि एक पंजाबी कुटुंब आहे. ज्ञ असला की आपण प्रज्ञाला 'प्रद्न्या' म्हणतो, हिंदी बोलणारे 'प्रग्या'. अमृताचं अमरुता की अमरिता, हा वाद ऋ असेपर्यंत चालणार. ळ तर पुष्कळांच्या जिभेवर वळतच नाही.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव सरकारी कागदांवर बाळाचं, आईचं, वडिलांचं आणि आडनाव अशा क्रमाने येतं. चारही शब्द एका ओळीत लिहून एका दमात म्हणा. आईचं नाव 'सायली' आणि मुलीचं 'सावली' असलं की जीभ अडखळते.

आमचं उत्तर शेवटी दाते-कर्व्यांच्या पानावर मिळालं. दुसरंच काहीतरी शोधत होते. 'सई: मैत्रीण, सखी.' मूळ शब्द सखीच, बोलीतून झिजून गोल झालेला. शिवाजी महाराजांच्या सईबाईंमुळे आईला पटलं, दोन अक्षरांमुळे भावाला, ठमा नव्हतं म्हणून वहिनीला.

अडचण इंग्रजी स्पेलिंगची. एस-ए-आय लिहिलं की तमिळ काकू 'साई' वाचतात, आणि चूक त्यांची नाही. म्हणून एस-ए-ई-ई. तरी नाव नोंदवताना आलेल्या मसुद्यात मराठीच्या रकान्यात 'साई' छापलेलं होतं. कुणीतरी इंग्रजीवरून मराठी केलं असणार. भाऊ न वाचताच सही करणार होता. इंग्रजी आणि देवनागरी दोन्ही रकाने अक्षर-अक्षर वाचा, वेलांटीसकट, आणि मगच सही करा. एकदा दाखला हातात आला की नाव बदलायला राजपत्रापर्यंतचे खेटे पडतात.

बारशाला परातीत तांदूळ पसरले आणि आईने अंगठीने नावं काढली. 'ई' दोनदा बिघडला, तिसऱ्यांदा जमला. मी पाळण्यात वाकले, तिच्या कानाशी कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं. ती झोपली होती. पाठीवर मात्र बायकांनी धपाधप बुक्के घातले.