मानसिक आजारातून सावरणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी देणगी कशी उभारावी

सांगली जिल्ह्यात मानसिक आजारावर औषधोपचार मिळू शकतात. मिरज-सांगलीच्या शासकीय रुग्णालयांत मानसोपचाराची सोय आहे आणि १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मोफत सल्लाही मिळतो. उणीव आहे ती त्यापुढच्या टप्प्याची. राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालये येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चारच असून, तिथून जत किंवा आटपाडीच्या एखाद्या गावी परतलेल्या माणसाची औषधे चालू राहतात का, तो दिवसभर काय करतो आणि त्याच्या आईला कोणाशी बोलता येते, हे पाहणारे कोणी नसते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने समाजात राहण्याचा हक्क दिला आहे, पण तो प्रत्यक्षात आणणारे दिवस-केंद्र आणि गावोगाव फिरणारा कार्यकर्ता यांसाठी पैसा बहुधा स्थानिक संस्थांनाच उभा करावा लागतो.

देणगी मागण्याआधी अंदाजपत्रक करावे आणि ते माणसांपासून सुरू करावे. देणगीदाराला खोली, संगणक किंवा शिवणयंत्र देणे सोपे वाटते, कारण त्यावर नाव लिहिता येते. पुनर्वसनाचा खरा खर्च मात्र मानधन, प्रवास आणि चिकाटीचा पाठपुरावा यांवर होतो. समजा, केंद्रात २० शुभार्थी (मानसिक आजारातून सावरणाऱ्या व्यक्ती) महिन्याला २२ दिवस येतात आणि प्रत्येकाचे येण्याजाण्याचे भाडे ६० रुपये आहे, तर केवळ एसटीसाठी दरमहा २६,४०० रुपये लागतील. हा आकडा अर्जात ठळकपणे मांडावा, कारण भाड्याअभावी येणे थांबले की पुष्कळदा औषधही थांबते. समाजकार्यकर्त्याचे मानधन 'प्रशासकीय खर्च' या रकान्यात टाकू नये, कारण या कामात ती व्यक्ती हीच सेवा असते. मागणी शक्यतो तीन वर्षांची करावी. एका वर्षाच्या पैशावर सुरू झालेले केंद्र बंद पडले, तर नुकता घराबाहेर पडू लागलेला माणूस पुन्हा घरात कोंडला जातो.

कागदपत्रांविषयी थोडक्यात सांगायचे तर, धर्मादाय कार्यालयाकडील नोंदणी, विश्वस्त बदलले असल्यास त्याचा बदल अर्ज, लेखापरीक्षण अहवाल आणि प्राप्तिकराच्या १२-ए (संस्थेला करमाफी) व ८०-जी (देणगीदाराला करसवलत) या नावांनी परिचित असलेल्या नोंदण्या तयार ठेवाव्यात. दोन हजार रुपयांहून अधिक रोख देणगीवर देणगीदाराला करसवलत मिळत नाही, तसेच नव्या करप्रणालीत ही सवलत मुळीच नाही. हे त्याला आधीच सांगावे. मुक्कामाची सोय असलेले निवासी केंद्र चालवायचे असेल, तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडेही नोंदणी करावी लागते.

आपल्या भागात सर्वांत आधी सहकारी संस्थांकडे जावे, असे माझे ठाम मत आहे. सहकारी साखर कारखाना, नागरी बँक किंवा पतसंस्था ही कंपनी कायद्याखाली नोंदलेली कंपनी नसल्यामुळे तिला सीएसआरचे, म्हणजे कंपन्यांनी नफ्यातील काही भाग समाजकार्यावर खर्च करण्याचे, बंधन नाही. तेथे सीएसआरचा अर्ज घेऊन गेलेले कार्यकर्ते रिकाम्या हाताने परततात. अशा संस्थेला नफ्यातील काही भाग सार्वजनिक व धर्मादाय कामासाठी बाजूला ठेवता येतो आणि नफावाटणी सप्टेंबरअखेरपर्यंतच्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे येते. म्हणून आपला अर्ज मे-जूनमध्येच संचालक मंडळापर्यंत पोहोचवावा. सीएसआरचे बंधन ज्यांना लागू आहे त्या मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम खर्च करायची असते आणि त्यात स्थानिक परिसराला प्राधान्य द्यायचे असते. त्यांच्याकडे जाण्यासाठी सीएसआर-१ हा अर्ज भरून मिळणारा नोंदणी क्रमांक आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. नव्या संस्थेने अनुभवी संस्थेबरोबर संयुक्त प्रस्ताव द्यावा. मानसिक आरोग्यासाठीच निधी देणारे मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्हसारखे मोजके देणगीदारही आहेत. त्यांना सामुदायिक कामाचे महत्त्व पहिल्यापासून समजावून सांगावे लागत नाही.

ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी राखून ठेवायची असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत मानसिक आजाराचा समावेश आहे, तरीही या निधीच्या यादीत असे रुग्ण फारसे दिसत नाहीत. शुभार्थींची दिव्यांग प्रमाणपत्रे काढून देणे हे म्हणूनच निधी उभारणीचेही काम आहे. निरामय आरोग्य विमा मात्र स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांपुरताच आहे; केवळ मानसिक आजार असलेल्यांसाठी तेथे अर्ज करण्यात वेळ घालवू नये.

आवाहनपत्रकात रुग्णाचे छायाचित्र छापण्याचा मोह टाळावा. संबंधित व्यक्तीच्या संमतीशिवाय छायाचित्र किंवा माहिती माध्यमांना देण्यास कायद्याची मनाई आहे, आणि छोट्या गावात नाव बदलले तरी माणूस ओळखू येतो. त्याऐवजी देणगीदाराला केंद्रात बोलवावे, तेही शुभार्थींना आधी विचारून.

अहवालात 'इतके रुग्ण बरे झाले' असे लिहू नये. किती जण नियमित येतात, किती जणांची औषधे अखंड चालू आहेत, किती जणांना पुन्हा दाखल करावे लागले आणि किती जण शेतात, दुकानात किंवा घरकामात हातभार लावू लागले, एवढे आकडे दर सहा महिन्यांनी द्यावेत. पुन्हा दाखल झालेल्यांची संख्या लपवू नये. किमान तीन महिन्यांच्या खर्चाइतकी गंगाजळी हाताशी येईपर्यंत नव्या शुभार्थींना प्रवेश देण्याची घाई करू नये. निधी थांबलाच, तर प्रत्येकाचा पाठपुरावा त्याच्या संमतीने जवळच्या शासकीय रुग्णालयाकडे कसा सोपवायचा, याची लेखी व्यवस्था पहिल्याच अर्जाला जोडून द्यावी.