आधी विचारा, मग वेळापत्रक लावा

वस्तीतल्या केंद्रात नवा वर्ग सुरू करायचा असेल, तर लोकांना “तुम्हाला काय आवडेल?” असं विचारू नका, सगळे “काहीही चालेल” म्हणतात. मी विचारते, “काल संध्याकाळी सहा ते आठ काय केलंत?” आवडही कळते, मोकळा वेळही. फॉर्म वाटण्यापेक्षा केंद्राच्या दारात उभं राहून बोला. फॉर्म भरणारे नेहमी तेच चार जण. एकदा फॉर्मवर विसंबून शिवणवर्ग सकाळी आठला ठेवला. मशीनमध्ये धागा ओवून बसले, आल्या दोघीच. बाकीच्या जणी मुलांना शाळेत सोडायला गेलेल्या!

आता नवा वर्ग आधी चार आठवडेच जाहीर करते. पहिल्या दिवशीच्या गर्दीला भुलू नका, तिसऱ्या आठवड्याची हजेरी बघा. शिकवणारं माणूस शक्यतो वस्तीतलंच शोधा. आणि लहानग्यांसाठी एक कोपरा ठेवाच, नाहीतर त्यांच्या आया फिरकत नाहीत.