किडे टिपायला निघण्याआधी: मॅक्रो लेन्स, फ्लॅश आणि मालव्याचा पावसाळा

जूनच्या उत्तरार्धात पाऊस लागला की इंदूरच्या आसपासची काळी माती आठवड्याभरात हिरवी होते. पाठोपाठ किडेही येतात, म्हणून तयारी मे महिन्यात सुरू करा आणि लेन्सच्या किमती बघण्याआधी कागदावर किड्यांची मापं लिहा. रुईवर बसणारा पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा नाकतोडा चार-पाच सेंटीमीटर, चतुरही तेवढाच. सोयाबीनवरचा चक्रभुंगा सात ते दहा मिलिमीटर, उडी मारणारा कोळी पाच ते दहा. रुईच्याच कोवळ्या शेंड्यावरचा पिवळा मावा जेमतेम दोन. आता शेजारी आपल्या कॅमेऱ्याच्या सेन्सरची रुंदी लिहा: एपीएस-सी (छोटा सेन्सर) असेल तर २३.५ मिलिमीटर (कॅननमध्ये २२.३), फुल फ्रेम (मोठा सेन्सर) असेल तर ३६. लेन्स १:१ ची आहे याचा अर्थ सेन्सरच्या रुंदीएवढी वस्तू चौकटभर दिसेल, एवढाच. म्हणजे एपीएस-सीवर १:१ ला नाकतोडा चौकटीत मावतच नाही, चक्रभुंगा तिसरा हिस्सा भरतो आणि मावा बाराव्या हिश्श्याएवढा ठिपका दिसतो. पहिल्या वर्षी नाकतोडे, चतुर, भुंगेरे एवढंच करायचं असेल तर १:१ पुष्कळ झालं. मावा आणि मुंग्यांचे चेहरे हवे असतील तर २:१ ची (सेन्सरवर दुप्पट मोठी प्रतिमा) सोय लागेल, आणि तिथे फोकस साधण्याची मेहनत दुपटीहून जास्त वाढते.

लेन्स घ्यायची तर ९० ते १०५ मिलिमीटर नाभीय अंतराची (फोकल लेंग्थ) घ्या. कॅनन १००, निकॉन १०५, टॅमरॉन ९०, सिग्मा १०५ यांत चित्राच्या तजेल्याचा फरक इतका थोडा आहे की त्यावर महिने घालवू नयेत. खरा फरक अंतराचा पडतो. पेटीवर छापलेलं किमान फोकस अंतर, समजा ३० सेंटीमीटर, हे सेन्सरपासून मोजलेलं असतं. त्यातून कॅमेऱ्याची आणि लेन्सची लांबी वजा केली की लेन्सच्या तोंडापासून किड्यापर्यंत १३ ते १५ सेंटीमीटर उरतात. ६० मिलिमीटरच्या लेन्समध्ये हेच अंतर नऊ-दहावर येतं, ५० मध्ये त्याहूनही खाली. चतुर तेवढं जवळ येऊ देत नाही, आणि कोळ्यावर लेन्सची सावली पडते. १५० ते १८० मिलिमीटरच्या लेन्स अंतर देतात, पण त्या जड असतात आणि फ्लॅश किड्यापासून लांब नेतात. हा दुसरा दोष जास्त मोठा. कारण पुढे येईल.

बजेट कमी असेल तर ५५-२५० सारखी किटमधली झूम घरात आहे का बघा. तिच्यापुढे रेनॉक्स डीसीआर-२५० हे चिमट्याने लावायचं भिंग बसतं. ते ५२ ते ६७ मिलिमीटर फिल्टर मापाच्या कुठल्याही लेन्सवर अडकतं. त्याची ताकद ८ डायॉप्टर, म्हणजे नाभीय अंतर १२५ मिलिमीटर. झूम २५० वर नेऊन फोकस अनंतावर ठेवला की २५० भागिले १२५, म्हणजे सरळ २:१ मिळतं आणि किडा भिंगापासून साडेबारा सेंटीमीटरवर राहतो. झूम १२५ वर आणला की १:१. या पैशात याहून चांगली सोय नाही, हे आमचं ठाम मत. एक्स्टेन्शन ट्यूबचा संच (१२, २० आणि ३६ मिलिमीटर) ५० च्या लेन्सवर उपयोगी आहे, १०० वर फारसा नाही, कारण वाढणारं मोठेपण म्हणजे ट्यूबची लांबी भागिले नाभीय अंतर. ट्यूब घेतलीत तर विजेचे संपर्क असलेलीच घ्या, नाहीतर कॅमेऱ्यातून लेन्सचं भोक म्हणजेच अ‍ॅपर्चर बदलता येणार नाही.

जुनी लेन्स घेताना दोन्ही झाकणं काढा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, मागून टॉर्च मारा आणि तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले की ती बुरशी, सोडून द्या. धुळीचे चार कण असले तर हरकत नाही. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेलाचा ओघळ नको. शेवटी मिलिमीटरची पट्टी अगदी जवळून टिपा: सेन्सरची रुंदी भागिले चौकटीत दिसलेले मिलिमीटर, हे लेन्सचं खरं मोठेपण. ‘मॅक्रो’ छापलेल्या बहुतेक झूम लेन्सची लबाडी या एका फोटोत उघडी पडते.

आता फ्लॅश. उरलेले पैसे आणि त्याहून जास्त वेळ इथे घाला. १:१ ला एफ ११ (एफचा आकडा मोठा तेवढं भोक बारीक) ठेवलं तरी एपीएस-सीवर स्पष्ट दिसणारा पट्टा साधारण एक मिलिमीटरचाच असतो. २:१ ला एफ ८ वर तो पाव मिलिमीटर होतो. अ‍ॅपर्चर आणखी बारीक करावंसं वाटतं, पण जवळ गेलं की आकडा आपोआप वाढतो: लिहिलेला आकडा गुणिले (१ + मोठेपण). एफ ११ हे १:१ ला एफ २२ सारखं वागतं, एफ १६ हे एफ ३२ सारखं, आणि तिथे विवर्तनाने (बारीक भोकातून उजेड पसरल्याने) सगळंच चित्र मऊ पडतं. त्यामुळे १:१ ला एफ ११ आणि २:१ ला एफ ८ ही मर्यादा समजा. एवढ्या अंधाऱ्या अ‍ॅपर्चरला झुडपाच्या सावलीत १/२०० सेकंद वापरायचं तर आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) सहज ६४०० च्या वर जातो. फ्लॅशची गरज इथून येते.

फ्लॅश मोठा नको. गोडॉक्स टीटी३५० सारखा दोन पेन्सिल सेलवर चालणारा, हॉटशूवर (कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या खाचेत) बसणारा आणि डोकं खाली-वर होणारा पुरतो. मॅन्युअल ताकद किमान १/६४ पर्यंत उतरते का एवढं बघा. अशा फ्लॅशमध्ये ताकद कमी करणं म्हणजे चमक लवकर तोडणं. पूर्ण ताकदीवर ती साधारण १/३०० सेकंद टिकते, १/१६ वर एक हजारांश सेकंदाच्याही आत संपते. हाताचा कंप आणि पान हलणं गोठवते ती ही आखूड चमक. शटरचा वेग इथे फारसा कामाला येत नाही. म्हणून शटर १/१६० किंवा १/२०० वर, सिंकच्या (शटर आणि फ्लॅश जुळण्याच्या) मर्यादेत ठेवा. हाय-स्पीड सिंक (त्याहून वेगवान शटरसाठीची सोय) बंद: त्यात चमक लांबते, ताकद घटते, आणि ती वापरण्याचं कारणच उरत नाही. रिंग फ्लॅश टाळा. समोरून सपाट उजेड येतो आणि भुंगेऱ्याच्या पाठीवर पांढरी बांगडी उमटते. स्वस्त एलईडी रिंगचा उजेड एफ ११ ला पुरत नाही. फोकस दिसण्यापुरती ती ठीक.

पण उघडा फ्लॅश मारू नका. किड्याचं कवच आरशासारखं असतं, त्यात दिव्याचा आकार जसाच्या तसा दिसतो. दिवा किड्याला जितका मोठा दिसेल तितका उजेड मऊ, आणि मोठा दिसण्याचा सोपा उपाय म्हणजे तो जवळ आणणं. पाच सेंटीमीटरवरचा १५ सेंटीमीटरचा पडदा किड्याला अर्धं आभाळ वाटतो. तोच अर्ध्या मीटरवर खिडकीएवढाही उरत नाही. लांब नाभीय अंतराच्या लेन्सचा दोष हाच.

उजेड मऊ करणारा हा पडदा, म्हणजे डिफ्युझर, घरी करा. खजुरी बाजारात स्टेशनरीच्या दुकानांतून जाड कार्डशीट, ट्रेसिंग पेपर आणि वेल्क्रो पट्टी घ्या. फॉइल स्वयंपाकघरातली चालेल. आधी माप: १:१ ला लेन्स लावून फ्लॅशच्या तोंडापासून लेन्सच्या तोंडापर्यंतचं अंतर मोजा आणि त्यात दोन-तीन सेंटीमीटर मिळवा. एका टोकाला फ्लॅशच्या डोक्याएवढी आणि दुसऱ्याला सुमारे १८ बाय १४ सेंटीमीटरची अशी फुगत जाणारी पेटी कापा. आतून चुरगळून उलगडलेली फॉइल चिकटवा, बाहेरून पॅकिंग टेप, म्हणजे दवाने पुठ्ठा लोळा होत नाही. खालच्या कडेला लेन्ससाठी अर्धगोल कापा. ट्रेसिंग पेपरचा एक थर पेटीच्या मध्यावर आणि दुसरा तोंडाशी, किड्याच्या बाजूला थोडा वाकलेला. दोन थरांत अंतर हवंच. एकच थर फ्लॅशच्या काचेला चिकटवला तर उजेड पसरत नाही, मध्यभागी भगभगीत ठिपका उरतो. सगळं मिळून वजन १०० ग्रॅमच्या आत ठेवा, नाहीतर फ्लॅशची मान हळूहळू खाली झुकते.

चाचणीसाठी सायकलच्या दुकानातून पाव इंची छर्रा आणा. दोन-तीन लवंगांच्या शेजारी तो ठेवून टिपा. छऱ्यात आपला डिफ्युझर दिसेल: कडा मवाळ आणि उजेड मध्यापासून कडेपर्यंत हळूहळू उतरणारा असेल तर जमलं. चौकोनी पांढरा डाग दिसला तर आतला थर पुढे सरकवा किंवा आणखी एक कागद घाला. छऱ्याचा खालचा अर्धा भाग काळा राहत असेल तर पेटी लेन्सच्या पुढे पुरेशी आलेली नाही. लेन्सचं हूड काढलंय ना तेही बघा. आकडे इथेच ठरवून घ्या: मॅन्युअल मोड, १/२००, एफ ११, आयएसओ ४००, फ्लॅश १/१६. दोन थर मिळून दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) उजेड खातात, त्यामुळे फोटो काळपट आला तर आधी आयएसओ वाढवा, फ्लॅशची ताकद नंतर. टीटीएल, म्हणजे कॅमेऱ्याने फ्लॅशची ताकद आपोआप ठरवणं, काळ्या मुंगळ्याला आणि पांढऱ्या फुलाला वेगवेगळं मोजून दर फोटोत उजेड बदलतं. अंतर ठरलेलं असताना मॅन्युअलच सोयीचं.

मागची बाजू काळी येते, याचं कारण उजेडाचा उतार. अंतर चौपट झालं की उजेड सोळावा हिस्सा उरतो. किड्याच्या मागे तीन ते पाच सेंटीमीटरवर पान असेल अशी जागा निवडा, किंवा एक सुकलेलं पान चिमट्याने मागे धरा. मागे आभाळ असेल तर आयएसओ ८०० आणि शटर १/६० वर आणा.

आदल्या रात्री पिशवीत निकेल-मेटल-हायड्राइडच्या चार्ज केलेल्या सेलचे तीन जोड घाला. अल्कलाइन सेल लवकर दमतात आणि दोन चमकांमधला वेळ वाढवतात. जोड्या सरमिसळ करू नका, रबरबँड लावा. कॅमेऱ्याची सुटी बॅटरी, ब्लोअर, मऊ फडकं, दोन मोठ्या प्लास्टिक पिशव्या आणि फरशी बसवणारे कारागीर वापरतात तसे गुडघ्याचे पॅड. ओली काळी माती गुडघ्याला आणि बुटाला थरावर थर चिकटते, आणि तोच हात लेन्सच्या रिंगवर जातो. डासांचं मलम डीईईटी असलेलं असेल तर लावल्यावर तळवे पुसा. ते कॅमेऱ्याचं रबर आणि प्लास्टिक खातं. गवतासाठी उंच बूट, पूर्ण बाह्या. ट्रायपॉड घरी ठेवा.

निघा ऊन चढण्याआधी. गारव्यात किड्यांचं अंग सुस्त असतं. नऊनंतर तोच चतुर दोन मीटरवरून उडतो. सिरपूर तलावाचे काठ चतुर आणि टाचण्यांसाठी (चतुराचे बारीक भाऊबंद), राळामंडलची टेकडी भुंगेरे आणि कोळ्यांसाठी, ऑगस्टमध्ये शहराबाहेरची सोयाबीनची शेतं चक्रभुंग्यासाठी. शेतात शेतकऱ्याला विचारून जा आणि नुकतीच फवारणी झाली असेल तर उतरू नका: किडे नसतातच, आणि औषध आपल्या अंगाला लागतं. राळामंडल अभयारण्य आहे. तिथलं काही उचलायचं नाही, फांदी मोडायची नाही. किडा फ्रिजमध्ये गारठवून टिपणं कुठेही नको. तो किड्याचा छळ आहे, आणि गारठलेल्या किड्याचे पाय ज्या तऱ्हेने आखडतात ते जाणकाराला पहिल्या नजरेत कळतं.

फोटो घेताना ऑटोफोकस बंद. हवं ते मोठेपण लेन्सवर लावून ठेवा आणि स्वतः पुढे-मागे व्हा. डाव्या हाताच्या दोन बोटांनी देठ धरा आणि लेन्स त्याच हातावर टेकवा. मग किडा आणि कॅमेरा एकत्र हलतात, आणि वाऱ्याचा निम्मा त्रास संपतो. डोळा स्पष्ट झाला की दाबा. एका स्थितीचे दहा-बारा घ्या, त्यांतला एखादा जमतो.

परतल्यावर लेन्स बॅगेत बंद करून ठेवू नका. अंगावरची ओल पुसा, तासभर पंख्याखाली ठेवा, मग झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात नारंगी सिलिका जेल आणि छोट्या आर्द्रतामापकाबरोबर. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. जेलचा रंग उतरला की जुन्या, वेगळ्या ठेवलेल्या तव्यावर मंद आचेवर परता. स्वयंपाकाचा तवा नको. डिफ्युझरचा ट्रेसिंग पेपर एकदा भिजला की सुरकुततो आणि छऱ्यात रेघा दिसू लागतात, तेव्हा मापाचे दोन सुटे तुकडे आधीच कापून पिशवीच्या मागच्या कप्प्यात ठेवा.