पीएचडीचे आठ महिने गेले, ते एका बाटलीमुळे

स्टेम सेलवर पीएचडी करायला निघालेल्यांनो, आयलेट म्हणजे स्वादुपिंडातले इन्शुलिन बनवणारे पेशींचे पुंजके; मधुमेहींमध्ये त्यांचे प्रत्यारोपण करतात. कॅनडातल्या एडमंटनचे, अशा प्रत्यारोपणाने इन्शुलिनच्या इंजेक्शनांतून सुटलेले २००० सालचे सात रुग्ण तुम्हाला पाठ असतील. दात्यांचे स्वादुपिंड पुरत नाहीत, म्हणून स्टेम सेलपासून आयलेट घडवायचे, या ध्यासाने मी परळच्या एका प्रयोगशाळेत रुजू झाले.

दुसऱ्या वर्षी पेशींचे सुरेख गोळे जमले. इन्शुलिनला चिकटून चमकणाऱ्या अँटिबॉडीने ते हिरवेगार उजळले, एलायझा या इन्शुलिन मोजायच्या चाचणीचा आकडाही भरघोस आला. सर खूश. आठ महिने मी त्याच आकड्यांवर पुढचं काम रचत गेले. मग एका सीनियर ताईने विचारलं, "सी-पेप्टाइड किती आलं गं?" पेशी स्वतः इन्शुलिन बनवते तेव्हा सोबत सुटणारा हा तुकडा. मोजलं, तर जवळजवळ काहीच नाही.

चूक कुठे होती ते नीट समजून घ्या. मीडियममध्ये, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रवात, आपण आयटीएस (इन्शुलिन, ट्रान्सफेरिन, सेलेनियम) नावाचं बाटलीतलं तयार मिश्रण घालतो. त्यातला पहिला घटक इन्शुलिनच आहे, मिलिलिटरला साधारण १० मायक्रोग्रॅम. खरे आयलेट सोडतात ते नॅनोग्रॅमच्या हिशेबात. पेशी बाहेरचं इन्शुलिन ओढून घेतात आणि अँटिबॉडी तेच दाखवते. म्हणजे मी ओतलेलंच मी मोजत होते! २००३ साली 'सायन्स'मध्ये याच धोक्याबद्दल छापून आलं होतं. मी ते वाचलं नव्हतं, आणि हे मला अजून बोचतं. पेशी स्वतः इन्शुलिन बनवते तेव्हा प्रोइन्शुलिन हे त्याचं आधीचं लांब रूप तुटून इन्शुलिनच्या प्रत्येक रेणूमागे सी-पेप्टाइडचा एक रेणू सुटतो. बाटलीतल्या इन्शुलिनबरोबर तो येत नाही. म्हणून सी-पेप्टाइडच मोजा. आयटीएस नसलेल्या बफरने गोळे दोन-तीनदा धुवा, मग कमी (२.८) आणि जास्त (१६.७) मिलिमोलर ग्लुकोजमध्ये ठेवा. दोन्हीकडे आकडा सारखाच आला, तर पेशी ग्लुकोज ओळखत नाहीये, नुसती गळतेय.

यकृताच्या पेशी घडवायला वळणाऱ्यांनो, तुमचंही तेच. यकृताच्या पेशी बनवतात ते अल्ब्युमिन हे प्रथिन मोजताना मीडियममधलं गाईचं अल्ब्युमिन आड येऊ शकतं; फक्त मानवी अल्ब्युमिन ओळखणारं किट घ्या. आणि पेशी न घातलेलं कोरं मीडियम दर वेळी सोबत चालवा. एवढं एक केलं असतं, तर माझे आठ महिने वाचले असते.

गाइड निवडताना नावाला भुलू नका. आलेख बघून पाठ थोपटणारा नको, मीडियममध्ये काय काय घातलंस ते विचारणारा हवा. कुणाचा प्रोटोकॉल जसाच्या तसा उचलणं तर मला मुळीच पटत नाही. प्रत्येक बाटलीवरचं लेबल स्वतः वाचा.

घाबरू मात्र नका. रविवारी मेगाब्लॉक असला तरी डोंबिवलीहून मीडियम बदलायला यावं लागेल, रडू येईल, घरचे विचारतील की संपणार कधी. मी सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं. चौथ्या वर्षी एका संध्याकाळी १६.७ च्या ट्यूबमधलं सी-पेप्टाइड २.८ च्या दुप्पट आलं. कोऱ्या मीडियममध्ये काहीच नव्हतं. मी ती प्लेट तीनदा वाचली, मग ताईला फोन केला.