शहर होत चाललेला आपला वाडा आरोग्यदायी कसा करावा

२०११ च्या जनगणनेत गोव्याची ६२ टक्के लोकसंख्या शहरी म्हणून नोंदली गेली. परंतु त्या वेळच्या ७० शहरांपैकी अवघ्या १४ ठिकाणी नगरपालिका किंवा महानगरपालिका होती, उरलेली ५६ कारभाराच्या दृष्टीने गावेच होती. पणजीजवळच्या पर्वरीत बहुमजली इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या तरी तेथील कारभार पंचायतींकडेच राहिला. म्हणून आपले घर पालिकेत येते की पंचायतीत, हे सर्वप्रथम पाहावे. पंचायतीत प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सदस्य असतो. प्रभाग समित्या नेमण्याचे बंधन मात्र संविधानाने ३ लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांनाच घातले आहे आणि गोव्यातील एकही शहर एवढे मोठे नाही. ग्रामसभेत न जाणारा फ्लॅटधारक शहरवासीयांना न मिळालेला हक्क वाया घालवतो, असे मला मनापासून वाटते.

त्यानंतर वाड्यातील, म्हणजे आपल्या वस्तीतील, एखाद्या वयोवृद्ध शेजाऱ्याला सोबत घेऊन, एकदा शाळा भरण्याच्या वेळी आणि एकदा दिवेलागणीनंतर, घरापासून बसथांब्यापर्यंत चालावे. हातात मोजपट्टी असावी. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी. विजेचे खांब, उघडी गटारे आणि उभ्या दुचाकी वगळून जी रुंदी उरते, तीच वहीत लिहावी. ‘रस्ता चालण्याजोगा नाही’ ही तक्रार सहज बाजूला सारता येते. शाळेच्या फाटकासमोर किती सेंटिमीटर जागा उरली, हा आकडा टाळणे कठीण असते.

सर्वांत अधिक वेळ पाण्याला द्यावा. आपल्या नदीकाठच्या वस्त्यांच्या शेजारी खाजन शेते, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली सखल शेते, आहेत. तेथे बांध भरतीचे पाणी अडवतात आणि मानशीची (बांधातील पाणी सोडण्याच्या झडपेची) दारे भरतीच्या दाबाने मिटून ओहोटीला उघडतात. मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की पावसाच्या पाण्याला ओहोटीपर्यंत थांबण्यासाठी सखल शेत किंवा तळी लागते, आणि तीच जागा मातीने भरली गेली असेल तर ते पाणी तळमजल्यावरच्या घरांत शिरते. म्हणून जुलैच्या एखाद्या जोरदार पावसात वाड्याचा कच्चा नकाशा काढून पाणी कोठून येते, रस्त्याखालच्या कोणत्या मोरीत तुंबते आणि कोणत्या शेतात विसावते, हे त्यावर दाखवावे. बांधावर आयुष्य काढलेल्या शेतकऱ्यांना आवर्जून विचारावे. त्यांना जे ठाऊक असते ते कोणत्याही आराखड्यात सापडत नाही. सखल जमीन भरण्यास किंवा डोंगर कापण्यास १९७४ च्या नगर नियोजन कायद्याच्या कलम १७-अ नुसार मुख्य नगर नियोजकांची परवानगी लागते. भराव दिसताच तारखेसह छायाचित्रे काढून लेखी तक्रार द्यावी आणि तिची पोच घ्यावी.

डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ ते दहा दिवस लागतात. त्यामुळे आठवड्यातून एक दिवस पिंपे, कुंड्यांखालच्या ताटल्या आणि गच्चीवरील भांडी कोरडी करणे पुरेसे ठरते. बांधकामांकडे विशेष लक्ष द्यावे. लिफ्टच्या खड्ड्यांत आणि पाण्याच्या टाक्यांत डासांची पैदास झाली, तर हिवतापाचा पहिला फटका तेथेच राहणाऱ्या कामगारांना बसतो. तेही आपले शेजारीच आहेत. त्यांची आरोग्य कार्डे (आरोग्य तपासणीची नोंद असलेली) झाली आहेत का, याची चौकशी करावी.

सावलीची झाडे तोडायची असल्यास १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार खासगी जागेतही परवानगी लागते. नवे झाड लावताना तारांखालची जागा टाळून ओवळासारखे (बकुळीसारखे) दाट सावलीचे झाड निवडावे.

ही नोंद हाती आल्यावर एकच मागणी निवडून ती लेखी द्यावी. नियमित ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये होतात. तेथे ठराव मांडून तो इतिवृत्तात लिहिला गेल्याची खात्री करावी. पालिका क्षेत्रात हेच निवेदन नगरसेवक आणि मुख्याधिकारी या दोघांनाही द्यावे. उत्तर न आल्यास माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावा, त्यास ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. गटारांचा उपसा आणि मानशींची दुरुस्ती मृगापूर्वी व्हायची असेल, तर मागणी जानेवारीच्या सभेतच जायला हवी, कारण एप्रिलमध्ये मंजूर झालेल्या कामाची निविदा निघेपर्यंत पाऊस दाराशी आलेला असतो.